नथनेलाचा प्रश्न आणि हामानाची मसलत

यहूदी लोकांविषयीचा पूर्वग्रह व यहूदीद्वेष ह्यांतील भेद

वाचावयाचा शास्त्रभाग : एस्तेर ३, योहान १:४३-५१, रोम ११:१३-२४



काही वर्षांपूर्वी उत्तम शुक्रवारी एका खेड्यातील मंडळीपुढे मी वधस्तंभाविषयी उपदेश करीत होतो. भावनेच्या भरात यहूद्यांनी प्रभूला धरले, यहूद्यांनी त्याची थट्टा केली, यहूद्यांनी त्याला मारविले, असे मी पुनःपुन्हा बोलत गेलो. उपासना संपल्यावर शब्बाथशाळेतील सुमारे दहा वर्षांचा एक मुलगा माझ्यापाशी आला व म्हणाला, "पाळकसाहेब, मग येशूची आई कोणत्या लोकांतली होती?" मी म्हणालो, "यहूदी." "आणि पेत्र?" "तोही यहूदीच." "आणि प्रभू येशू?" मी म्हणालो, "देहाने तोही यहूदीच." मुलगा गप्प राहिला, व मीही गप्प राहिलो. पवित्र शास्त्राचा अभ्यास करण्यात मी काही वर्षे घालविली होती. तथापि जो प्रश्न त्या लेकरास सुचला तो मला सुचला नव्हता.

तेव्हापासून ह्या विषयाकडे मी अधिक लक्ष देऊ लागलो. त्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती अशी की, यहूदी लोकांविषयी जे जे वाईट बोलले जाते ते सर्व एकाच मापाचे नसते. काही बोलणे अज्ञानाचे असते, व काही बोलणे द्वेषाचे असते. दोन्ही वाईट, परंतु दोहोंचे औषध निराळे. हिवताप व साधा पडसा ह्यांतील भेद ज्या वैद्यास कळत नाही, तो एकास नाहक भिववील व दुसऱ्यास मरू देईल. म्हणून हा भेद पवित्र शास्त्रातील दोन मनुष्यांच्या आधारे आपण आज समजून घेऊ. एक नथनेल व दुसरा हामान.

१. नथनेल

नथनेल हा गालीलातील काना गावचा (योहान २१:२). फिलिप्पाने त्याला मशीहाची वार्ता सांगितली व नासरेथ हे नाव घेतले, तेव्हा अशा गावातून भले ते काय यावयाचे, अशा अर्थाचे तो बोलला. नासरेथ हे त्याच्याच प्रांतातील गाव. शेजारच्या गावाविषयी असे बोलण्याची रीत आपल्या तालुक्यातही आहे. अमुक गावचे लोक भांडखोर, तमुक गावचे लबाड, असे आपण सहज म्हणतो, आणि ज्याने म्हटले त्याने बहुधा त्या गावात एक रात्रही काढलेली नसते.

ह्यास पूर्वग्रह म्हणावे. पाहण्याच्या पूर्वीच केलेला तो निवाडा होय. परंतु नथनेलाच्या बोलण्यात तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, तो ऐकीव गोष्ट बोलला. स्वतः रचून बोलला नाही. दुसरी, नासरेथकरांचे काही वाईट करावे असे त्याने सुचविले नाही. तिसरी, जी सर्वांत महत्त्वाची, ती ही की, फिलिप्पाने त्याला येऊन पाहण्यास बोलाविले तेव्हा तो उठला व गेला. त्याचे मत चुकीचे होते, पण त्याच्या मताला दार होते.

प्रभूने त्याच्याशी कसे वर्तन केले ते पाहा. ज्याच्या गावाचा त्याने उपहास केला होता तोच त्याच्यापुढे उभा होता, तरी प्रभूने त्याला शत्रू म्हटले नाही. हा निष्कपट इस्राएली होय अशी त्याने त्याची साक्ष दिली. ह्यावरून नथनेलाचे बोलणे योग्य होते असे ठरत नाही. तो दोन पावले चालून गेला नसता तर त्याच एका वाक्यामुळे तारणाऱ्यास मुकला असता. पूर्वग्रह लहान असला तरी तो निरुपद्रवी नव्हे.

२. हामान

आता एस्तेरच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढावा. हामान हा अहश्वेरोश राजाचा मोठा सरदार. मर्दखय नावाच्या एका यहूद्याने त्याला मुजरा केला नाही. अपमान एका माणसाने केला. पण एकट्या मर्दखयावर हात टाकणे हामानास हलके वाटले, आणि त्याने राज्यातील सर्व यहूद्यांचा नाश योजिला (३:६). येथे पहिली खूण दिसते : एकाचा दोष सर्वांवर घालणे.

मग तो राजाकडे गेला व एक मसलत मांडली (३:८-९). एक लोक सर्व प्रांतांत पसरलेले आहे, त्यांचे कायदे सर्वांहून निराळे आहेत, ते राजाचे कायदे पाळीत नाहीत, त्यांना राहू देण्यात राजाचा लाभ नाही. ह्यात पसरलेले असणे खरे होते व रीती निराळ्या असणे खरे होते. परंतु ते राजाला अपायकारक आहेत हे साफ खोटे होते. राजाचा जीव घेण्याचा कट ज्याने उघडकीस आणला तो मर्दखयच होता (२:२१-२३). खऱ्याच्या पीठात खोट्याचे विष कालविणे ही दुसरी खूण.

तिसरी खूण ही की, हामानाचे बोलणे बोलण्यावर थांबत नाही. त्या लोकांचे काय करावे, हे त्यापुढे आलेच. नाशाचा हुकूम लिहावा, आणि त्यासाठी आपण दहा हजार किक्कार रुपे खजिन्यात भरू, असे तो म्हणाला.

ह्या मनुष्याला तुम्ही येऊन पाहा असे म्हणाला असता तर तो आला नसता. मर्दखयास तो रोज राजद्वारी पाहतच होता. अशा मनुष्यापुढे चांगला यहूदी आणला तर तो म्हणेल, ह्याचे चांगुलपण हेच ह्याचे कपट. जे मत कोणत्याही पुराव्याने बदलत नाही, जे एका माणसावरून सर्व लोकांवर उडी घेते, आणि जे त्या लोकांस हाकून द्यावे, लुटावे किंवा मारावे ह्या निर्णयाकडे ओढ घेते, ते खरे यहूदीद्वेषाचे मत होय.

३. तिसरा मनुष्य : राजा

ह्या दोघांच्या मध्ये तिसरा एक मनुष्य आहे, त्याला विसरू नये. हामानाने त्या लोकांचे नावदेखील घेतले नाही, आणि राजाने ते विचारले नाही. त्याने बोटातील अंगठी काढून हामानाच्या हाती दिली. मग ते दोघे पीत बसले, आणि शूशन नगर गोंधळून गेले (३:१०-१५).

अहश्वेरोशाला यहूद्यांचा द्वेष होता असे कोठेही लिहिलेले नाही. तो फक्त विचारीत नव्हता. ह्यास्तव ध्यानात ठेवा की, हामान प्रत्येक पिढीत थोडेच असतात. परंतु त्यांचे काम अंगठी देणाऱ्यांच्या बळावर चालते. अंगठी देणारे कोठून येतात? जे लहानपणापासून ऐकीव गोष्टी ऐकत आले आणि कधी पाहावयास गेले नाहीत, त्यांतून येतात.

४. ख्रिस्ती लोकांच्या इतिहासातील पुरावा

हे केवळ पुरातन इराणाचे बोलणे नव्हे. लाजेची गोष्ट ही की, पुढचा पुरावा ख्रिस्ती म्हणविणाऱ्या देशांतून द्यावा लागतो.

१३४८ साली युरोपात मोठी महामारी पसरली. यहूद्यांनी विहिरींत विष टाकले अशी आवई उठली. पोप सहावा क्लेमेंट ह्याने त्याच वर्षी लिहून कळविले की, यहूदीही ह्या रोगाने मरतात, तेव्हा हा आरोप खरा कसा असेल? पण ज्यांस ऐकावयाचे नव्हते त्यांनी ऐकले नाही. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्ग शहरात शेकडो यहूदी जिवंत जाळले गेले. रोगाचा जंतू १८९४ साली सापडला, व तो उंदरांवरील पिसवांपासून माणसास होतो हे पुढे सिद्ध झाले. विहीर व विटाळ ह्यांच्या आरोपाने माणसाचे काय होते हे आपल्यापैकी पुष्कळांस पुस्तकात वाचण्याची गरज नाही. आपल्या आजाआजींनी ते सोसले आहे. म्हणून ही हकीकत आपल्या मंडळ्यांस इतरांहून लवकर कळावी.

दुसरा पुरावा आपल्याच घरातला आहे. मार्टिन लूथर ह्याने १५२३ साली एक पुस्तिका लिहिली व तिच्या नावातच येशू ख्रिस्त जन्माने यहूदी होता हे सांगितले. यहूद्यांशी ममतेने वागावे, असे त्याने त्या वेळी ख्रिस्ती लोकांस शिकविले. ते ख्रिस्ताकडे येतील अशी त्याची आशा होती. ती सफळ झाली नाही, तेव्हा त्याचे मन कडवट झाले. १५४३ साली त्याने दुसरे पुस्तक लिहिले, आणि त्यात यहूद्यांची सभास्थाने जाळावी, घरे पाडावी, ग्रंथ हिरावून घ्यावे व त्यांच्या धर्मगुरूंस शिकविण्याची बंदी करावी, अशी सल्ला दिली. ज्याने आम्हास विश्वासाने नीतिमान ठरण्याचे सत्य पुन्हा दाखविले त्याच्याच लेखणीतून हामानाची मसलत उतरली. प्रीतीने आरंभ करून, समोरच्याने आपले ऐकले नाही म्हणून जी प्रीती द्वेष होते, ती प्रीती कोणत्या प्रकारची होती हे प्रत्येक उपदेशकाने स्वतःस विचारावे. अमेरिकेतील इव्हँजेलिकल लूथरन मंडळीने १९९४ साली लूथरच्या ह्या लिखाणाचा उघड धिक्कार केला.

लूथरचा जन्मदिवस १० नोव्हेंबर. १९३८ साली ९ नोव्हेंबरची रात्र उलटून तो दिवस उजाडला तेव्हा जर्मनीत शेकडो सभास्थाने जळत होती. तेथे नात्सी राज्याने १९३५ सालीच कायदा करून यहूदी कोण हे आजाआजींवरून ठरविले होते. चारांपैकी तीन आजेआजी यहूदी असतील तर बाप्तिस्मा घेतलेला मनुष्यही यहूदीच गणला जाई. ही गोष्ट नीट समजून घ्या. खऱ्या द्वेषाचे भांडण मनुष्याच्या मताशी किंवा आचरणाशी नसते. त्याच्या जन्माशी असते. म्हणून बाप्तिस्म्याचे पाणीही तेथे कामास येत नाही. १९४५ साली युद्ध संपले तोवर सुमारे साठ लक्ष यहूदी स्त्रीपुरुष व बालके मारली गेली होती.

ह्याच काळातील एका पाळकाची गोष्ट आपल्या विषयास फार उपयोगी आहे. मार्टिन नीमोलर ह्याच्या मनात यहूद्यांविषयी त्या काळचे पुष्कळ पूर्वग्रह होते. तरी १९३३ साली यहूदी वंशाच्या पाळकांस मंडळीच्या सेवेतून काढावे असा आग्रह सुरू झाला, तेव्हा त्याने तो मानला नाही व विरोध करणाऱ्या पाळकांचा संघ उभारला. १९३७ साली त्याला अटक झाली व १९४५ पर्यंत तो बंदिवासात राहिला. युद्धानंतर त्याने आपल्या जुन्या पूर्वग्रहांची व वेळीच न बोलल्याची कबुली जाहीरपणे दिली. म्हणजे पूर्वग्रह असूनही त्याने अंगठी दिली नाही, आणि पुढे पूर्वग्रहही टाकून दिला. अशा मनुष्यास आरंभीच हामान म्हणून झिडकारले असते तर मोठी चूक झाली असती.

आणि खेड्यातील मंडळी काय करू शकते, असे कोणी विचारील तर त्याने फ्रान्स देशातील ल शांबों ह्या डोंगराळ गावाचे नाव लक्षात ठेवावे. तेथील बहुतेक लोक प्रॉटेस्टंट होते, व आंद्रे त्रोक्मे हा त्यांचा पाळक होता. युद्धाच्या काळात त्या गावाने व शेजारच्या वाड्यांनी पुष्कळ यहूद्यांस, विशेषतः मुलांस, आपल्या घरांत व शेतवाड्यांत लपविले. अधिकाऱ्यांनी यहूद्यांची यादी मागितली ती पाळकाने दिली नाही. हे लोक शेतकरीच होते.

५. येऊन पाहणे

फिलिप्पाचे औषध आपल्या महाराष्ट्रात जवळच आहे. कोकणात कित्येक शतकांपासून बेने इस्राएल लोक राहत आले आहेत. त्यांचे पूर्वज अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून उतरले, अशी त्यांची परंपरा आहे. ते तेल गाळीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांस शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर अशी त्यांची आडनावे आपल्याच गावांवरून पडली. ते मराठी बोलतात. आपल्या पवित्र कथांवर त्यांनी मराठीत कीर्तने रचिली. मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान १७९६ साली उभे राहिले. मिशनरी जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली इब्री भाषेचे व्याकरण मराठीत छापले ते ह्यांच्यासाठीच. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्राएल देशात गेले. थोडे मुंबई, ठाणे व रायगडाकडे आहेत.

आता पाहा. यहूदी जात पैशाची लोभी, व्याजबट्ट्यावर जगणारी, असे जो म्हणतो त्याने घाण्यावर राबणारा हा तेली पाहावा. युरोपात पुष्कळ ठिकाणी यहूद्यांस जमीन घेण्याची मनाई होती व कारागिरांच्या संघांत प्रवेश नव्हता. आणि व्याज घेणे ख्रिस्ती लोकांस मंडळीने मना केले होते. म्हणून सावकारीचा धंदा काही यहूद्यांच्या वाट्यास आला, आणि मग त्याच धंद्याबद्दल सर्वांस दूषण मिळाले. जेथे तसे निर्बंध नव्हते तेथे ते तेल गाळीत व शेती करीत. दोष रक्ताचा असता तर तो कोकणातही दिसला असता.

६. बोलण्याची पारख

आपल्या कानी येणारी काही बोलणी आता तपासू.

कोणी म्हणतो, "यहूदी लोक कंजूष असतात." हे नथनेलाचे बोलणे समजावे, आणि त्याला विचारावे, "दादा, आपण किती पाहिले?" बहुधा एकही पाहिलेला नसतो. "यहूदी सगळेच अतिशय हुशार," ही स्तुतीही त्याच जातीची. तीही न पाहता केलेली आहे.

कोणी म्हणतो, "जगातील सर्व पैसा, सर्व छापखाने व सर्व युद्धे यहूद्यांच्या एका गुप्त मंडळाच्या हाती आहेत." हे हामानाचे बोलणे होय. ह्याच्या मुळाशी जे पुस्तक दाखविले जाते ते १९०३ साली रशियात प्रसिद्ध झाले. ते बनावट आहे. १८६४ साली फ्रेंच भाषेत छापलेल्या एका राजकीय पुस्तकातून, ज्यात यहूद्यांचा कट मुळीच नव्हता, त्यातील मजकूर उचलला आहे, हे लंडनच्या टाइम्स पत्राने १९२१ सालीच दाखवून दिले. असे लिखाण आज मोबाईलवरून आपल्या गावात येते. ते पुढे पाठविणारा अंगठी देत आहे.

कोणी म्हणतो, "इस्राएल देशाच्या सरकारने अमुक ठिकाणी अन्याय केला." हे बोलणे दोहोंपैकी एकही नव्हे, जर तो मनुष्य इतर देशांस जे माप लावतो तेच ह्यालाही लावीत असेल. आमोस व यिर्मया ह्यांनी आपल्या राजांस ह्याहून कठोर शब्द ऐकविले. उलट, त्या देशावर टीका करणारा प्रत्येक जण यहूदीद्वेष्टा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु सरकारचा राग कोणत्याही यहूद्यावर काढावा, असे जेथे ठरले तेथे हामान आला. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाउसमध्ये शिरून मारेकऱ्यांनी तेथील यहूदी धर्मगुरू व त्यांची पत्नी ह्यांच्यासह सहा जणांचे प्राण घेतले. त्यांस कोणत्या सरकारचा निवाडा विचारावयाचा होता?

आणि कोणी म्हणतो, "यहूद्यांनी ख्रिस्तास मारले." हे मी स्वतः म्हटले आहे, म्हणून ह्याविषयी थोडे अधिक लिहितो.

७. दुःखसहनाच्या आठवड्यातील उपदेश

वधस्तंभ ही रोमी शिक्षा होती. आज्ञा पिलाताची व खिळे रोमी शिपायांचे. काही याजकांनी व पुढाऱ्यांनी त्याला धरून दिले हे खरे. परंतु निकदेम व अरिमथाईकर योसेफ हेही पुढारीच होते, आणि वाटेवर त्याच्यासाठी शोक करणारा समुदाय यहूदीच होता (लूक २३:२७). प्रेषितांनी प्रार्थनेत हेरोद, पिलात, परराष्ट्रीय व इस्राएल लोक ह्या सर्वांची नावे एकत्र घेतली (प्रे. कृत्ये ४:२७). मत्तयाच्या २७ व्या अध्यायात जमावाने जे ओरडून म्हटले त्यावरून पुढील सर्व पिढ्यांस दोषी धरणे हे यहेज्केलाच्या १८ व्या अध्यायाच्या विरुद्ध आहे, कारण बापाच्या पापाचा भार मुलावर नाही असे देव तेथे सांगतो. आणि प्रभूने तर खिळलेल्या स्थितीत क्षमा मागितली.

योहानाच्या शुभवर्तमानात "यहूदी" हा शब्द विरोध करणाऱ्या पुढाऱ्यांविषयी पुष्कळदा येतो. लिहिणाराही यहूदीच होता. ते घरातील भांडण आहे. तोच शब्द आपण बाहेरचे लोक घेऊन ओरडू लागलो की त्याचा अर्थ पालटतो. म्हणून उपदेशक बंधूंनी वाचताना "पुढारी" कोण व "लोक" कोण हे मंडळीस समजावून द्यावे. "परूशी" हा शब्दही शिवीसारखा वापरू नये. गमलियेल परूशी होता, पौल परूशी होता.

पौलाने रोमकरांस जैतुनाच्या झाडाचा दाखला दिला. आपण रानटी डहाळ्या, दुसऱ्याच्या मुळावर कलम केलेल्या. मूळ आपणास धरून आहे. आपण मुळास नव्हे. डहाळीने मुळाची निंदा करणे हे पापच नव्हे, तर मूर्खपणही होय. १९४८ साली आम्स्टरडाम येथे जगातील मंडळ्यांची जी परिषद भरली तिने यहूदीद्वेष हे देवाविरुद्ध व मनुष्याविरुद्ध पाप आहे असे ठरविले. हा ठराव साठ लक्ष मनुष्ये मेल्यावर झाला.

तर सारांश हा. नथनेल भेटला तर त्याच्याशी फिलिप्पासारखे वागा. रागावू नका, हात धरून दाखवावयास न्या. हामान भेटला तर वादाने त्याचे मन फिरेल अशा भरवशावर बसू नका. एस्तेरप्रमाणे उघड बोला व ज्यांच्यावर संकट आहे त्यांच्या बाजूस उभे राहा. नथनेलास हामान म्हटले तर आपण दार लावून घेतो. हामानास नथनेल म्हटले तर आपण अंगठी देतो. आणि दुसऱ्यास पारखण्याच्या आधी, आपण स्वतः कोणाविषयी न पाहता बोललो काय, हे पाहा. मी त्या मुलाच्या प्रश्नानंतर पुढल्या वर्षीचा उपदेश निराळा केला, आणि आरंभीच सांगितले की वधस्तंभाखाली उभी असलेली ती आई यहूदी होती.

वर्गासाठी प्रश्न

१. नथनेलाचे व हामानाचे बोलणे ह्यांतील तीन भेद सांगा.
२. राजाने हामानास कोणता प्रश्न विचारावयास हवा होता?
३. आपल्या गावात कोणत्या लोकांविषयी न पाहता बोलले जाते? त्यांच्या घरी आपण शेवटी केव्हा गेलो?
४. उत्तम शुक्रवारचा शास्त्रपाठ वाचताना आपण कोणते शब्द समजावून द्याल?

प्रार्थना : हे प्रभो, ज्या लोकांतून तू देहाने आलास त्यांच्याविषयी आमची जीभ शुद्ध कर, आम्हास पाहावयास जाण्याची नम्रता व अंगठी न देण्याचे धैर्य दे. आमेन.